पावतीवरचा पक्ष

आमच्या वडिलांचे श्राद्ध दरवर्षी पितृपक्षात ग्वाल्हेरला, थोरल्या भावाच्या घरी होते. मी इंदूरहून जातो, धाकटी बहीण बडोद्याहून येते, आणि एरवी दूरध्वनीवर चार वाक्यांपलीकडे न जाणारी आम्ही भावंडे त्या निमित्ताने दोन दिवस एका छपराखाली राहतो. दुपारची पाने उठली, गुरुजी दक्षिणा घेऊन गेले, की ओसरीवर सतरंजी पडते, सुपारीचे तबक येते आणि दादांचा व माझा राजकारणावरचा वाद सुरू होतो. हा वाद गेली चाळीस वर्षे चालू आहे. दादा एका पक्षाचे, मी दुसऱ्या पक्षाचा. कोणता पक्ष कोणाचा हे येथे सांगण्याचे कारण नाही. वाचकांनी आपापल्या घरातील नावे तेथे घालून घ्यावीत, काही बिघडणार नाही. दादांच्या मते माझ्या पक्षाने देश बुडवला आणि माझ्या मते त्यांच्या पक्षाने. वहिनी चहा घेऊन येईपर्यंत दोन्ही पक्षांनी मिळून देश पुरता बुडवलेला असतो.

२०२५ च्या पितृपक्षात मात्र हा वाद सुरूच झाला नाही. दादांचा मुलगा इंदूरला एका कंपनीत अभियंता आहे. तो जेवतानाही गप्पच होता. सतरंजीवर येऊन बसला तो हातात एक कागद घेऊन. आयकर खात्याकडून त्याला आलेल्या पत्राची ती छापील प्रत होती. पत्राची भाषा सौम्य होती. आपण २०२३-२४ या कर-निर्धारण वर्षाच्या विवरणपत्रात राजकीय पक्षाला दिलेल्या देणगीपोटी वजावट घेतलेली दिसते. ती खरी आहे ना हे पडताळून पाहावे, आणि चूक झाली असल्यास सुधारित विवरणपत्र भरावे, एवढेच त्यात म्हटले होते.

दादांची मुद्रा प्रथम उजळली. मुलगा राजकारणात लक्ष घालत नाही, ही त्यांची जुनी तक्रार. देणगी दिली म्हणजे ती आपल्याच पक्षाला, असे त्यांनी गृहीत धरले. माझ्या मनात आले, हा माझ्याकडे इंदूरला राहिलेला मुलगा. न जाणो, माझ्या पक्षाला दिली असेल. वहिनी मात्र सरळ बाई. त्यांनी विचारले, "अरे, पण पक्ष कोणता? त्याचे चिन्ह काय?"

मुलाने खिशातून पावती काढली. त्या पक्षाचे नाव आम्हां चौघांपैकी कोणीही कधी ऐकलेले नव्हते. पत्ता दुसऱ्याच राज्यातल्या एका दुकानगाळ्याचा. चिन्ह काय, हे देणगीदारालाही ठाऊक नव्हते. एक लाख रुपये ज्या पक्षाला दिले, त्याचे चिन्ह त्याला सांगता येईना. दादांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि ती पावती माझ्याकडे सरकवली. मी लेखापरीक्षणाच्या नोकरीत चौतीस वर्षे काढलेली. खोटी पावती कशी दिसते हे मला सांगावे लागत नाही. खोटी पावती खऱ्या पावतीपेक्षा नेहमी अधिक नीटनेटकी असते.

मग हळूहळू सगळे बाहेर आले. कचेरीतल्या सहकाऱ्यांनी त्याला एका करसल्लागाराचे नाव सांगितले होते. "परतावा मिळवून देतो, मिळाला तर त्याचे दहा टक्के माझे," असा त्या गृहस्थाचा व्यवहार. त्याने सुचवले की एका पक्षाच्या खात्यात बँकेमार्फत एक लाख रुपये भरावे. आठवडाभरात त्यातले पंच्याण्णव हजार रोख परत येतील, पाच हजार 'तिकडचा खर्च'. उत्पन्न दहा लाखांच्या वर असल्यामुळे त्या वर्षीच्या जुन्या पद्धतीप्रमाणे वरच्या थराचा दर तीस टक्के, त्यावर चार टक्के उपकर. म्हणजे लाखाच्या वजावटीवर ३१,२०० रुपयांचा कर वाचला. मी सवयीने कागदाच्या कोपऱ्यावर वाटणी मांडली. तिकडच्या पक्षाचे आणि दलालाचे ५,०००, सल्लागाराचे ३,१२०, आमच्या चिरंजीवांचे २३,०८०. बेरीज बरोबर ३१,२००. या तिन्ही हिश्श्यांत कोणाच्याही घामाचा एक पैसा नाही. सगळी रक्कम सरकारी तिजोरीतली.

येथे एक साधी गोष्ट वाचकांनी ध्यानात घ्यावी, कारण ती भल्या-भल्यांच्या लक्षात येत नाही. खरी देणगी देणाराला नेहमी पदरमोड करावी लागते. एक लाख खरोखर दिले, त्यावर ३१,२०० कर वाचला, तरी ६८,८०० रुपये खिशातून गेलेच. कायद्याने सवलत दिली ती या पदरमोडीचे ओझे हलके करण्यासाठी. ज्या दानानंतर दात्याजवळ आधीपेक्षा जास्त पैसा उरतो, ते दान नव्हे. त्याला दुसरा शब्द आहे आणि तो घरातल्या मुलासमोर उच्चारायला जीभ रेटत नाही.

व्यक्तीने राजकीय पक्षाला दिलेली देणगी करपात्र उत्पन्नातून पूर्णपणे वजा करण्याची ही सवलत २००३ च्या दुरुस्तीने आली. १९६१ च्या आयकर कायद्यातील तिचे कलम ८० जीजीसी. त्यामागचा हेतू वाईट नव्हता. पक्ष चालवायला पैसा लागतो. तो थैल्यांतून येण्यापेक्षा सामान्य नागरिकांकडून उघडपणे धनादेशाने यावा, एवढीच अपेक्षा होती. २०१३ च्या वित्त कायद्याने रोख देणगी या सवलतीतून वगळली, ती याच कारणाने. पण धनादेश जातो आणि रोकड परत येते, या वाटेवर कायद्याचा पहारा नव्हता. निवडणूक आयोगाकडे नोंद करण्यास शंभर मतदार सभासद आणि काही कागदपत्रे पुरतात. नोंद झाली की पक्षाच्या देणग्यांना करमाफी. निवडणूक लढवलीच पाहिजे अशी घाई कोणी करत नाही. अशा 'नोंदलेल्या पण मान्यता नसलेल्या' पक्षांची संख्या हजारांत गेली. आयोगाने ९ ऑगस्ट २०२५ रोजी असे ३३४ पक्ष यादीतून काढले. सहा वर्षांत एकही निवडणूक त्यांनी लढवली नव्हती आणि दिलेल्या पत्त्यावर त्यांची कचेरी सापडली नव्हती. त्यानंतरही २,५२० उरले. सप्टेंबरात आणखी ४७४ काढले. त्याच ऑगस्टच्या निवेदनात राष्ट्रीय पक्ष सहा आणि राज्यपक्ष ६७ असल्याचे नमूद आहे. या आकड्यांकडे पाहिले की लोकशाहीचा विस्तार म्हणून आनंद मानावा की आणखी काही, असा प्रश्न पडतो. ज्याला मते नकोत, सत्ता नको, सभा नको, झेंडाही नको, असा निःस्पृह पक्ष कशासाठी काढतात, याचे उत्तर आमच्या ओसरीवर पावतीच्या रूपाने पडले होते.

दादा थोडा वेळ काही बोलले नाहीत. नंतर उसळले ते मुलावर नव्हे, सरकारवर. "कर भरून तरी कोणाच्या घशात घालायचा? वरचे सगळे खातात, आणि पगारदाराच्या मानगुटीला सुरी!" मला नवल वाटले. याच दादांनी, ज्या वर्षी त्यांचा पक्ष सत्तेवर होता त्या वर्षी, याच ओसरीवर मला कर भरणे ही राष्ट्रसेवा असल्याचे अर्धा तास समजावले होते. आणि खरे सांगायचे तर त्या वेळी "घशात घालायचा" हे वाक्य माझे होते. आमचा पक्ष गादीवर असला की कर म्हणजे कर्तव्य आणि दुसऱ्याचा असला की लूट. पक्ष बदलतात, वाक्ये तीच राहतात, फक्त म्हणणारा बदलतो.

हा आमच्याच घरचा रोग असेल असे मला वाटे. पण अमेरिकेतील ज्युली बेरी कलन, निकोलस टर्नर आणि इबोन्या वॉशिंग्टन या तीन अर्थशास्त्रज्ञांचा एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला, त्याची मला आठवण झाली. त्यांनी तिकडच्या निरनिराळ्या भागांचा राजकीय कल आणि राष्ट्राध्यक्षाचा पक्ष यांची सांगड घालून आयकराची आकडेवारी तपासली. जेथे लोकांच्या मनाचा पक्ष आणि अध्यक्षाचा पक्ष एक होतो, तेथे सहज लपवता येण्याजोगे उत्पन्न लोक अधिक दाखवू लागतात, सवलतींचे संशयास्पद दावे घटतात आणि तपासणीत निघणारी थकबाकीही कमी होते, असे त्यांना आढळले. अध्यक्ष बदलून पक्ष विरुद्ध झाला की गाडी उलट फिरते. म्हणजे अमुक पक्षाचे लोक सच्चे आणि तमुक पक्षाचे लबाड, असा निवाडा त्यातून निघत नाही. निघते ते एवढेच, की सरकार 'आपले' वाटले तर माणूस जरा सरळ वागतो, 'त्यांचे' वाटले तर मनाला सूट देतो. आम्ही ज्याला तत्त्व म्हणत होतो, ते बहुतेक अशा सुटीचे निमित्त होते. आणि चिरंजीवांना तर तेवढेही निमित्त नव्हते. त्यांनी ज्या पक्षाला पैसे दिले त्याच्याशी त्यांचे प्रेमही नव्हते आणि वैरही नव्हते.

दादांचे म्हणणे सर्वस्वी खोटे होते असे मात्र मी म्हणणार नाही. वरच्यांनी घालून दिलेले धडे खालचे गिरवतात. पक्षांच्या उत्पन्नाला करमाफी देणारे १३ ए हे कलम १ एप्रिल १९७९ पासून अमलात आले. अट एवढीच, की हिशेब ठेवावेत, तपासून घ्यावेत आणि मोठ्या देणगीदारांची नोंद ठेवावी. पण १९९६ साली 'कॉमन कॉज' या संस्थेचा अर्ज सर्वोच्च न्यायालयापुढे आला तेव्हा असे उघड झाले, की विवरणपत्र भरणे कायद्याने बंधनकारक असताना अनेक पक्षांनी वर्षानुवर्षे ते भरलेलेच नव्हते. न्यायालयाला ते कर्तव्य त्यांना बजावून सांगावे लागले. कायदे करणारेच कायदा विसरले होते, आणि त्या विसरण्यात उजवे-डावे असा भेद नव्हता.

मोठ्या थैल्यांची कथा त्याहून जुनी. १९५७ साली टाटांच्या लोखंड-पोलाद कंपनीने राजकीय पक्षांना देणग्या देता याव्यात म्हणून आपल्या घटनापत्रात बदल मागितला. तो वाद मुंबई उच्च न्यायालयात मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्यापुढे आला. कायद्याला धरून परवानगी द्यावी लागली. पण कंपन्यांचा पैसा पक्षांत शिरला तर लोकशाहीला त्यापासून धोका आहे आणि संसदेने याचा वेळीच विचार करावा, असा इशारा त्यांनी दिला. संसदेने १९६९ मध्ये कंपन्यांच्या देणग्यांवर बंदी घातली आणि १९८५ मध्ये ती उठवली. मधल्या सोळा वर्षांत निवडणुका काही विनाखर्च झाल्या नाहीत. पैसा दिंडीदरवाजाने आला, एवढेच. पुढे २ जानेवारी २०१८ रोजी निवडणूक रोख्यांची योजना लागू झाली. देणाराचे नाव मतदाराला कळणार नाही अशी तिची रचना होती. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली. पक्षाला पैसा कोण देतो हे जाणण्याचा मतदाराला हक्क आहे, हे त्या निकालाचे सार.

हे सगळे दादांना मान्य होते. त्यांचा निष्कर्ष मात्र असा, की वरचे असे तर खालच्यांनी का सोसावे? मी म्हटले, "दादा, पोराने ३१,२०० रुपये वाचवले ते या थैलीवाल्यांना अडवण्यासाठी नव्हे, त्यांच्यातल्याच एका लहान थैलीवाल्याला पाच हजारांची दक्षिणा देऊन." यावर ते गप्प बसले. चोराविरुद्धचा राग म्हणून चोराशीच भागीदारी करावी, हे तर्कशास्त्र त्यांच्याही गळी उतरेना.

जुन्या पिढीला आणखी एक सबब होती आणि ती त्या काळी वजनदार होती. १९७३-७४ मध्ये दोन लाखांवरील उत्पन्नावर अधिभार धरून कराचा दर ९७.७५ टक्के होता. शंभर मिळवावे आणि सव्वादोन रुपये घरी न्यावे. निवृत्त सरन्यायाधीश वांच्छू यांच्या समितीने १९७१ मध्येच सांगितले होते की असले दर काळ्या पैशाला जन्म देतात. १९७४ मध्ये तो दर ७७ वर आला, १९८५ मध्ये ५० वर आणि १९९७ मध्ये ३० वर. २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला कर लागत नाही. पगारदाराला प्रमाणित वजावट धरून पावणेतेरा लाखांपर्यंत. म्हणजे सबब आटत गेली. सवय मात्र आटली नाही. हेही सांगितले पाहिजे, की ते ९७ टक्के आमच्यासारख्या कारकून-मास्तर-अभियंत्यांच्या घरांना कधी लागलेच नव्हते. गिरणीमालकाच्या पोटदुखीचे औषध आम्ही पगारदारांनी फुकट घेतले.

संध्याकाळी दिवेलागणीला बहिणीने वडिलांची ट्रंक उघडली. श्राद्धाच्या दिवशी ती उघडण्याचा आमच्याकडे प्रघात आहे. वडील मध्य भारत सरकारच्या बांधकाम खात्यात अभियंता होते. ग्वाल्हेर आणि इंदूर ही संस्थाने विलीन होऊन १९४८ साली मध्य भारत राज्य झाले, आणि १ एप्रिल १९५० पासून भारतीय आयकर कायदा आमच्या मुलखाला लागू झाला. हैदराबादकडेही तेव्हाच. बेळगाव मुंबई इलाख्यात असल्याने तेथे हा कर आधीपासून होता. बडोदे संस्थान १९४९ मध्ये मुंबईत विलीन झाले. आणि गोव्यात तो मुक्तीनंतर, १९६३ मध्ये आला. त्यामुळे आमच्या वडिलांच्या पिढीला हा कर म्हणजे बाहेरून आलेला नवा पाहुणा. त्याचे स्वागत त्यांनी कसे केले असेल याचे मला कुतूहल होते.

त्यांच्या खर्चाच्या वह्या बहिणीने चाळल्या. दर महिन्याच्या पानावर दोन रकाने. एकावर 'खर्च', दुसऱ्यावर 'देणे'. खर्चात भाजी, धोबी, टांगा, नाटकाची तिकिटे. देण्यात वाण्याचे बिल, दूधवाला, घरभाडे, आणि त्याच ओळीत इन्कम टॅक्स. 'दानधर्म' हे सदर निराळे होते. त्यात तो नव्हता. 'दंड' असेही सदर एका पानावर होते, सायकलला दिवा नसल्याबद्दल. त्यातही तो नव्हता. दूधवाल्याने घातलेल्या दुधाचे पैसे जसे द्यायचे असतात, तसाच हाही. दूधवाल्याच्या रतिबात पाणी आहे म्हणून वडील त्याच्याशी भांडत, हे मला चांगले आठवते. पण पैसे बुडवून त्यांनी ते भांडण कधी केले नाही. हिशेब चुकता करून मग उभे राहून भांडत.

ती वही दादांनी वाचली, मुलाने वाचली, आणि मग ती माझ्या हाती आली. येथपर्यंत मी न्यायाधीशाच्या थाटात बसलो होतो. पुढचे लिहिणे मला सोपे नाही.

हाच पुतण्या नोकरीला लागला तेव्हा पहिली दोन वर्षे इंदूरला माझ्याकडेच राहिला. पुतण्याकडून भाडे घेण्याचा प्रश्नच नव्हता. त्याची काकू त्याला डबाही करून देई. मार्च महिना आला तेव्हा तो म्हणाला, "काका, घरभाड्याच्या पावत्यांवर सही हवी आहे. कचेरीत द्यायच्या आहेत." मी सह्या केल्या. महिना ८,३०० रुपये. हा आकडा त्याच्या कचेरीत सर्वांचाच होता, कारण वर्षाचे ९९,६०० होतात. लाखाच्या वर गेले की घरमालकाचा पॅन क्रमांक द्यावा लागतो. प्रत्येक पावतीवर एक रुपयाचे रेव्हेन्यू तिकीट मी स्वतः चिकटवले आणि त्यावर आडवी सही केली. दोन वर्षांच्या चोवीस पावत्या. न घेतलेल्या भाड्याच्या. ते 'भाडे' माझ्या विवरणपत्रात अर्थातच कधी दिसले नाही. नातेवाइकाला भाडे देणे गैर नाही; आई-वडिलांच्या घरात राहूनही खरोखर भाडे दिले, त्यांनी ते आपल्या उत्पन्नात दाखवले, तर कायदा आड येत नाही. आमच्या व्यवहारात 'खरोखर' एवढाच शब्द नव्हता.

चौतीस वर्षे मी दुसऱ्यांची व्हाउचरे तपासली. दौरा न करता प्रवासभत्ता घेणाऱ्या किती जणांना मी लाल शाईत उभे केले असेल! आणि मार्चच्या एका संध्याकाळी, चहा पिता पिता, मी चोवीस खोट्या व्हाउचरांवर सही केली. त्या वेळी सत्तेवर कोण होते हे मला आठवून पाहावे लागले. तो माझाच पक्ष होता की दुसऱ्याचा, याचा त्या सह्यांशी काडीचा संबंध नव्हता. मुलाला खोटी पावती करायला त्या सल्लागाराने शिकवले असे आम्ही दुपारभर म्हणत होतो. पहिला धडा त्याने माझ्या घरी, माझ्या हाताखाली गिरवला होता. सल्लागाराने फक्त रक्कम वाढवली.

हे मी सर्वांसमोर सांगितले. पुतण्या मान खाली घालून म्हणाला, "काका, मला तेव्हा ते खोटे वाटलेच नाही. तुम्ही सही केलीत म्हणजे बरोबरच असणार असे वाटले." यापेक्षा त्याने मला शिवी दिली असती तर बरे झाले असते. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, पुरे आता. आता काय करायचे ते बोला." घरातल्या बायकांनी वेळेवर असे म्हटले नाही तर आम्ही पुरुष पश्चात्तापाचीही मैफल करतो.

करायचे ते असे ठरले. मूळ विवरणपत्र चुकले असेल तर निर्धारण वर्ष संपल्यानंतरही अद्ययावत विवरणपत्र भरता येते. ही सोय २०२२ मध्ये दोन वर्षांच्या मुदतीची झाली आणि २०२५ च्या वित्त कायद्याने ती मुदत चार वर्षांपर्यंत वाढली. उशिराप्रमाणे भुर्दंड वाढत जातो: पहिल्या वर्षात कर व व्याज यांवर २५ टक्के जादा, दुसऱ्यात ५०, तिसऱ्यात ६०, चौथ्यात ७०. पुतण्या दुसऱ्या वर्षात होता. म्हणजे ३१,२०० चा कर, त्यावरचे व्याज आणि दोहोंवर निम्मे आणखी. पन्नास हजारांच्या पुढे गेले. हाती पडले होते २३,०८०. खात्याने आपण होऊन चौकशी सुरू करून चुकीची माहिती दिल्याचे ठरवले असते, तर बुडवलेल्या कराच्या दुप्पट दंड आणि वर खटल्याची टांगती तलवार. पैसे भरायला त्याला ठेव मोडावी लागली. दादांनी देऊ केलेले पैसे त्याने घेतले नाहीत, ही मला त्या सगळ्या प्रकारातली एकमेव समाधानाची गोष्ट वाटली.

माझ्या सह्यांची वर्षे इतकी जुनी, की त्यांना ही चार वर्षांची वाटही उघडी नाही. कायद्याच्या वहीत त्यांची मुदत संपली. वडिलांच्या वहीतल्या 'देणे' या रकान्यात मुदतीचा उल्लेख कोठे सापडत नाही.

हे घरचे लचांड मी चारचौघांत मांडले, कारण ते एकट्या आमच्या घरचे नाही. जुलै २०२५ मध्ये आयकर खात्याने खोट्या वजावटी काढून देणाऱ्यांविरुद्ध देशभर दीडशेहून अधिक ठिकाणी तपासणी केली. ज्या राज्यांची नावे खात्याने दिली त्यांत महाराष्ट्र, गुजरात आणि आपला मध्य प्रदेशही होता. त्यापूर्वीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे आपण होऊन मागे घेतले होते. त्यांत पक्षांच्या देणग्या होत्या, घरभाडे होते, आणखीही पुष्कळ होते. माणशी सरासरी काढली तर दोन लाख एकसष्ट हजार होतात. ही काही तस्करांची आणि सट्टेबाजांची यादी नव्हे. पगारदार माणसे, शिकलेली, सणावारी सत्यनारायण घालणारी. परमुलखात दोनशे-अडीचशे वर्षे राहून 'मराठी माणूस व्यवहाराला चोख' अशी जी पत आपल्या पूर्वजांनी दरबारात आणि बाजारात कमावली, तिच्यावर आपण अजून जगतो. ती पत अशा यादीत आपले नाव नसण्यावर टिकते.

ज्यांनी आपले विवरणपत्र कोणाला तरी भरायला दिले आहे, त्यांनी एवढे तरी करावे. भरलेल्या पत्रकाची प्रत मागून घ्यावी आणि प्रत्येक वजावटीसमोर आपण काय दिले ते आठवावे. त्या पत्रकात दूरध्वनी क्रमांक आणि ईमेलचा पत्ता आपलाच आहे ना, हे पाहावे. पुष्कळ ठिकाणी दलाल स्वतःचा पत्ता घालतात, आणि खात्याची सूचना करदात्यापर्यंत पोहोचतच नाही. परताव्याच्या हिश्श्यावर काम करणारा सल्लागार टाळावा. ज्याचा मेहनताना आपल्या खोटेपणाबरोबर वाढतो, तो खरे सांगेल कशाला? आणि पक्षाला देणगी द्यायची असेल तर जरूर द्यावी, उघडपणे द्यावी, अभिमानाने द्यावी. फक्त त्याचे चिन्ह काय, हे आधी घरातल्या बाईमाणसाला सांगता आले पाहिजे.

नवी करपद्धत स्वीकारणाराला आता या वजावटीही नाहीत आणि घरभाड्याच्या पावत्याही नाहीत. २०२४-२५ या निर्धारण वर्षासाठी ३१ जुलै २०२४ पर्यंत आलेल्या ७.२८ कोटी विवरणपत्रांपैकी ५.२७ कोटी नव्या पद्धतीची होती. मोहाचा दरवाजा सरकारने बंद केला, हे बरेच झाले. परंतु त्याचा दुसरा अर्थ असाही आहे, की आमच्या पावत्यांवर विश्वास ठेवण्याचे त्याने सोडून दिले. त्यात आमच्या घरच्या पंचवीस पावत्यांचा वाटा आहे.

रात्री परतीच्या गाडीसाठी मी निघालो तेव्हा दादा दारापर्यंत आले. राजकारणाचा वाद त्या दिवशी झालाच नाही, याची चुटपुट दोघांच्याही मनात होती. म्हणाले, "पुढच्या वर्षी भांडू. पण तुझ्या पक्षाला माझ्याकडून एक रुपया मिळायचा नाही हो." मी म्हटले, "पावतीही नको."